फाटकाबाहेरचे फोटो

तिला सगळे फ्लॅशमावशी म्हणत. हे नाव पडलं तेव्हा ती कुणाची मावशी शोभावी अशा वयाची नव्हती. नुकतं लग्न झालेलं, गळ्यात मामानं दिलेला जुना कॅमेरा आणि आयुष्यातलं पहिलंच बाहेरचं काम, एका शाळेचा बक्षीस समारंभ. भाषण संपवून हेडमास्तर खुर्चीत टेकत होते, तेवढ्यात त्यांच्या तोंडासमोर फ्लॅशचा बल्ब फाडकन फुटला. हेडमास्तर खुर्चीसकट मागे आडवे. अख्खी शाळा खिदळली. दुसरी कुणी असती तर रडत घरी गेली असती. हिनं पिशवीतून नवा बल्ब काढला, बसवला आणि म्हणाली, "सर, उठा. पुन्हा घेऊ."

हेडमास्तर उठले. फोटो झाला. पोरांनी तिथल्या तिथे नाव ठेवलं आणि ते तिला जन्माचं चिकटलं. पुढे पुढे नवराही चारचौघांत तिला त्याच नावानं हाक मारायला लागला.

नवरा शिंपी. गावात त्याला मास्तर म्हणत. घराच्या पुढच्या खोलीचे दोन भाग, मध्ये पडदा. एका बाजूला मास्तरांचं शिलाई मशीन, दुसऱ्या बाजूला मावशीचं स्टूल, दिवे आणि निळा कागद. ओळखपत्राचे फोटो काढायला आलेल्या गिऱ्हाइकाची कॉलर उसवलेली असली तर पडद्यापलीकडून सुई-दोरा येई आणि कॉलर अंगावरच टाचली जाई. पण मावशीचं खरं काम घराबाहेरचं. शाळांचे वर्गफोटो, कारखान्यांचे वार्षिक फोटो, लग्नं, नव्या दुकानांची उद्घाटनं. महिन्यातले निम्मे दिवस ती बसमध्ये असायची.

बसमध्ये तिची जागा ठरलेली, ड्रायव्हरच्या मागची. तिथून ड्रायव्हरच्या डोक्यावरचा आरसा दिसतो आणि आरशात सगळी बस दिसते. पुस्तक वाचायची तिला गरज पडत नसे. सामान घेऊन निघालेला माणूस बस थांबली रे थांबली की आधी सामानाकडे बघतो आणि मग खिडकीबाहेर, हे तिनं पाहून ठेवलेलं होतं. झोपलेली माणसं लहानपणी कशी दिसत असतील तशी दिसतात. भांडण करून निघालेलं जोडपं मध्ये पिशवी ठेवून बसतं. मुक्कामाच्या लॉजमधला आरसा नेहमी मालकाच्या उंचीला लावलेला असतो. मालक उंच असला की तिला सकाळी फक्त स्वतःचं कपाळ दिसायचं आणि भांग अंदाजानं पाडावा लागायचा.

आणि तिचा एक ठाम सिद्धान्त होता. माणूस कॅमेऱ्यासमोर उभा राहिला की तो खोटा होतो. हसू आणतो, पोट आत घेतो, श्वास कोंडतो. मग आपण "झालं" म्हणतो, तो सुटतो आणि त्या सुटण्याच्या क्षणी त्याचं खरं तोंड परत येतं. म्हणून ती "झालं" म्हणायची आणि मग पुन्हा बटण दाबायची. गिऱ्हाईक नेहमी दुसराच फोटो निवडायचं.

हे सगळं चाललं होतं ते उजव्या डोळ्याच्या जिवावर. डावा मिटायचा, उजवा कॅमेऱ्याला लावायचा. पस्तीसएक वर्षं हाच शिरस्ता.

एका सकाळी बसच्या खिडकीतून रस्त्याकडेचे विजेचे खांब तिला मधोमध वाकलेले दिसायला लागले. काच खराब असेल म्हणून तिनं जागा बदलली. खांब तसेच. उतरल्यावर शाळेच्या दाराची चौकट फुगलेली दिसली. ती डोळे चोळत कामाला लागली. पाचवीचा वर्ग होता, पोरांच्या तीन ओळी आणि मधोमध वर्गशिक्षिका. मावशीनं डोळा लावला, तर शिक्षिकेला तोंडच नाही. मान आहे, केस आहेत, कानातलं चमकतंय, पण मध्ये नुसता राखाडी बोळा. कडेची पोरं मात्र लख्ख. एकजण नाकात बोट घालतोय तेसुद्धा दिसतंय. तिनं नजर त्या पोराकडे वळवली, तर पोरगं गायब आणि शिक्षिकेचं तोंड परत आलेलं. ज्याच्याकडे बघावं तोच पुसला जायचा.

तिनं बटण दाबलं. फोटो चांगला आला. कॅमेऱ्याला दिसलं होतं, तिला नव्हतं.

घरी ती काही बोलली नाही. बोललं की चर्चा, चर्चा झाली की उपाय, आणि उपाय म्हणजे कॅमेरा कपाटात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यापेक्षा तिनं गुपचूप डावा डोळा कामाला लावायचं ठरवलं. लॉजच्या खोलीत दार लावून घ्यायचं आणि बादली, नळ, दिव्यांची बटणं, दोरीवरचा टॉवेल, दिसेल त्याचे फोटो काढत बसायचं. तिच्या लक्षात आलं की कॅमेरे सगळे उजव्या डोळ्याच्या माणसांसाठीच बनवलेले आहेत. डावा लावला की नाक कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर चेपतं, श्वासानं काच धुरकट होते, अंगठा नेमका दुसऱ्या डोळ्यात जातो. त्यात उजवा डोळा एकटा मिटायची सवय नाही. मिटायला गेलं की सगळं तोंड चुरगळायचं. आणि काढलेला प्रत्येक फोटो डावीकडे कललेला. बादली कललेली, नळ कललेला. "सरळ हो, मेल्या," ती नळाला म्हणायची.

मास्तरांना कळलं ते सुईमुळे. त्यांना जवळचं नीट दिसत नसे, म्हणून मशीनची सुई ओवून देणं हे मावशीचं काम होतं. एके दिवशी दोरा सुईच्या शेजारून जायला लागला. एकदा गेला, दोनदा गेला, पुन्हा पुन्हा गेला. मास्तर बघत राहिले. मग उठले, तिची हनुवटी धरून तोंड वर केलं आणि तळहातानं तिचा डावा डोळा झाकला.

"माझा शर्ट कुठल्या रंगाचा?"

"निळा."

"आणि तोंड?"

मावशी हनुवटी सोडवून घेत म्हणाली, "तोंड रोजचंच आहे. त्यात काय बघायचंय?"

मास्तर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी थेंब घातले, दिवा मारला, खूप वेळ बघितलं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, नजरेच्या ऐन मध्यावर डाग पडला होता. आता जुना झालेला, कधी न जाणारा. डावा डोळा आज चांगला आहे, उद्याचं कुणी सांगू शकत नाही, म्हणाले. मावशीनं एकच विचारलं, "फोटो काढता येतील ना?"

"काढा की," डॉक्टर मायेनं म्हणाले. "हौस म्हणून जरूर काढा."

आजाराचं नाव ऐकताना ती ढिम्म बसली होती. हा शब्द मात्र तिला लागला. "हौस नाही हो," ती म्हणाली. "काम आहे ते. तुम्ही हौस म्हणून डोळे तपासता का?" मास्तरांनी तिला कोपरानं ढोसलं. ती उठली, जाताना दाराच्या चौकटीला खांदा आपटला आणि मागे न बघता बाहेर पडली.

आठवड्याच्या आत घरात बैठक बसली. नणंद आली, शहरातून लेक आणि जावई आले. लेक बँकेत नोकरीला, आईच्याच चणीची आणि आईसारखीच हट्टी, फक्त आवाज मऊ. नणंदेनं सुरुवात केली, "पुष्कळ केलंस बाई, आता बस कर." जावयानं सांगितलं की त्यांच्याकडे एक खोली मोकळीच आहे, खिडकीतून बाग दिसते. मावशी त्याला म्हणाली, "बाग काय पळून जातेय? येईन बघायला." सगळ्यांत शेवटी लेक बोलली.

"आई, एक दिवस कुठल्यातरी बसस्टँडवर पडशील आणि आम्हाला परक्या माणसाचा फोन येईल."

"पडले तर उठेन. दोन्ही डोळे धड असलेलीही माणसं पडतात."

"सगळं चेष्टेवारी नको नेऊस. मला भीती वाटते गं."

मावशीनं उत्तर दिलं नाही. चहाचे कप गोळा केले आणि आत गेली. विषय संपला असं तिला वाटलं. लेकीला वाटलं, आई गप्प बसली म्हणजे तिला पटलं. शहरात परतल्यावर तिनं आईची नेहमीची गिऱ्हाइकं शोधून एकेकाला फोन लावले.

मावशीला याचा पत्ता नव्हता. ठरल्या दिवशी ती बॅग खांद्याला अडकवून बाटल्यांच्या कारखान्याकडे निघाली. काचेच्या बाटल्या बनवणारा तो कारखाना तिचा सगळ्यांत जुना. दरवर्षी तिथल्या सगळ्या कामगारांचा अंगणात एकत्र फोटो ती काढायची. भट्टीवरचा कोण, पॅकिंगचा कोण, हे तिला तोंडानिशी पाठ होतं. अमका पडका दात लपवायला ओठ मिटतो, तमकीला डावा गाल आवडत नाही, भट्टीवाल्यांच्या भुवया कायम झडलेल्या असतात. निघताना मास्तरांनी तिच्या बॅगेत एक छोटी पुडी सरकवली. काळ्या जाड कापडाची, मागे नाडी असलेली डोळ्यावरची झापड होती, रात्री बसून शिवलेली. "एक डोळा मिटता येत नाही ना? मग झाक," ते म्हणाले. "समुद्री चाच्यासारखी दिसशील, पण तोंड तरी चुरगळणार नाही."

"लोकांसमोर हे बांधून उभी राहू?" म्हणत तिनं ती बॅगेच्या तळाशी ढकलली.

फाटकाशी पहारेकरी तिला बघून खुर्चीतून उठला आणि तसाच उभा राहिला. दार उघडेना. आत जाऊन मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजर चांगला माणूस होता, म्हणजे वाईट बोलताना त्याला वाईट वाटायचं.

"बाई, तुम्हाला निरोप नाही मिळाला? तुमच्या मुलीचा फोन आला होता. डोळ्याचं कळलं. आम्ही यंदा शहरातल्या स्टुडिओला बोलावलंय. आता तुम्ही आराम करा."

मावशीच्या कानशिलात कुणीतरी भडकावल्यासारखं झालं. लेकीनं आईच्या नावानं परस्पर राजीनामा दिला होता. फाटकाच्या गजांतून तिला अंगण दिसत होतं. तिथे सगळे कामगार माना वर करून उभे होते आणि त्यांच्या डोक्यावर मोठ्या डासासारखा गुणगुणत एक उडता कॅमेरा घिरट्या घालत होता.

"या चहाला कधीतरी," मॅनेजर म्हणाला आणि आत गेला.

परतीची बस लागलीच होती. ती बसस्टँडकडे वळलीही. चार पावलं गेली आणि थांबली. परत फिरली, फाटकासमोरच्या भिंतीपाशी आली, बॅग खाली ठेवली आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसून राहिली.

पाळी सुटली आणि माणसं बाहेर यायला लागली. तिला बघताच घोळका झाला.

"मावशी, तुम्ही बाहेर कशा? आत तो डास सोडला होता आमच्यावर."

"दाखवला आम्हाला फोटो. आमची नुसती टकलं आलीत!"

"माझं टक्कल ओळखलं बायकोनं तर बरं," भट्टीवरचा म्हातारा म्हणाला आणि सगळे हसले.

मावशीनं कॅमेरा काढला. तपासणीतली एक बाई तिला निरखत होती. या तपासणीतल्या बायका दिवसभर दिव्यासमोरून सरकणाऱ्या बाटल्यांत तडे आणि बुडबुडे शोधायच्या. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. तिनं सरळ, सगळ्यांसमोर, खणखणीत आवाजात विचारलं, "मावशी, तुमचा हा डोळा गेलाय ना? कधीपासून?"

एवढे दिवस कुणी असं विचारलंच नव्हतं. घरचे "त्रास" म्हणत होते, मॅनेजर "डोळ्याचं" म्हणाला होता. मावशीला रागाच्या जागी हुशारीच आली.

"गेलाय," ती तेवढ्याच मोठ्यानं म्हणाली. "उजवा गेला, डावा आहे. डाव्यानं फोटो वाकडे येतात अजून. एखादा बिघडेल, एखादा पुन्हा काढावा लागेल. त्याची कुणाला अडचण असेल त्यानं घरी जावं. ज्याला स्वतःचं तोंड फोटोत हवंय त्यानं या भिंतीपाशी उभं राहावं. एकेकानं."

आणि तिनं बॅगेच्या तळाशी हात घातला, झापड काढली आणि भर रस्त्यात डोळ्यावर बांधली.

घरी कुणीच गेलं नाही. भिंतीवर कारखान्याच्या जुन्या जाहिराती होत्या, त्या मागे दिसायला नकोत म्हणून तपासणीतल्या दोघींनी मावशीची शाल ताणून धरली. पहिला भट्टीवरचा म्हातारा उभा राहिला. मावशीचं नाक कॅमेऱ्यावर चेपलं, काच धुरकटली, तिनं पुसली. "डावीकडे कलतंय," तपासणीतली बाई म्हणाली. "माहितेय," मावशी खेकसली आणि कॅमेरा सरळ केला. "झालं," म्हणाली, म्हाताऱ्याचे खांदे सैल पडले आणि तिनं पुन्हा बटण दाबलं.

रांग वाढत गेली. माल न्यायला आलेल्या ट्रकला आत जाता येईना. ड्रायव्हरनं भोंगा वाजवून बघितला, मग उतरला, केस सारखे केले आणि रांगेत उभा राहिला. शेवटी मॅनेजर पुन्हा बाहेर आला.

"बाई, हे काय चालवलंय? कारखान्याच्या दारात असं चालणार नाही."

"भिंतीवर शाल टाकलीय, तुमचा कारखाना फोटोत येत नाही. आणि मी रस्त्यावर आहे. रस्ता तुमचा आहे का?"

"तसं नाही, पण..."

"मग तुम्हीही उभे राहा. एवढ्या वर्षांत कायम मधल्या खुर्चीत बसलात, तुमचे पाय कुणी बघितलेच नाहीत."

माणसं तोंड दाबून हसत होती. मॅनेजर लाल झाला. त्यानं घड्याळ बघितलं, ट्रककडे बघितलं आणि आत निघून गेला. तो काही उभा राहिला नाही. पहारेकरी मात्र राहिला, टोपी काढून.

त्या संध्याकाळी घरी येताच तिनं लेकीला फोन लावला. चप्पलसुद्धा काढली नव्हती.

"कुणाला विचारून फोन केलेस माझ्या गिऱ्हाइकांना?"

"आई, तुझ्या भल्यासाठीच..."

"मी मेलेय का? माझ्या कामाचं मी बोलेन. उद्या तुझ्या साहेबाला मी फोन केला, की हिची पाठ दुखते, हिला घरी बसवा, तर चालेल तुला?"

पलीकडून रडण्याचा आवाज आला. "मला भीती वाटते, हे मी तुला सांगितलं होतं. तू उत्तरच दिलं नाहीस."

मावशीनं उत्तर दिलं नव्हतं, हे खरं होतं. "आता देते," ती म्हणाली. "भीती तुझी आहे. ती तू सांभाळ. माझा डोळा मी सांभाळते." आणि फोन ठेवला. मास्तर पडद्यापलीकडे मशीन न चालवता बसून होते.

फोटो छापून आले तेव्हा तिनं भिंग घेऊन एकेक पाहिला. खोटं कशाला, बरेच बिघडले होते. कुठे माणसापेक्षा शालीची वीण स्पष्ट आलेली, कुठे सगळा माणूस घसरगुंडीवर उभा असल्यासारखा. ट्रकवाल्याचा कान तेवढा सुरेख आला होता. बिघडलेले तिनं बाजूला काढले आणि पाळी सुटायच्या वेळी पुन्हा फाटकाशी हजर झाली. "तुमचा परत काढायचाय, तुमचाही," म्हणत तिनं माणसं हेरली. या खेपेला काहीजण इस्त्रीचे कपडे घालून आले होते. एक बाई आईला घेऊन आली होती, कारण आईचा चांगला फोटो घरात एकही नव्हता. मास्तरांनी शालीच्या जागी पांढरी चादर शिवून दिली होती, दोन्ही टोकांना काठीसाठी नेफे घालून.

कारखान्याचं काम तिला परत मिळालं नाही. दोन शाळाही सुटल्या. पण एकानं दुसऱ्याला सांगितलं आणि बोलावणी यायला लागली, मालकांची नव्हे, माणसांची. दूध डेअरीच्या फाटकाशी, छापखान्याच्या फाटकाशी, जिथे पाळी सुटते तिथे मावशी चादर लावून उभी. रुग्णालयाची कपडे धुणारी मंडळी, डेपोतले मेकॅनिक, रंगाच्या गोदामातले हमाल. छापखान्यातली माणसं फोटोला उभी राहताना हात पाठीमागे घेतात, शाई दिसू नये म्हणून; ती म्हणायची, "हात पुढे. कुठे चोरी केलीय?" झापड आता कायमची डोळ्यावर. बसमधल्या आरशात लोक तिच्याकडे टक लावून बघायचे, तीही एका डोळ्यानं त्यांच्याकडे बघत बसायची.

लेकीशी बोलणं तुटलं नव्हतं, पण त्यात गारवा शिरला होता. जेवलीस का, झोपलीस का, एवढंच. मग एका सुट्टीत लेक न कळवता आली. मावशी निघण्याच्या तयारीतच होती. डॉक्टरांनी तिला चौकटी आखलेला एक कागद दिला होता. रोज सकाळी डाव्या डोळ्यानं तो बघायचा आणि रेघ वाकडी दिसली तर ताबडतोब यायचं. कागद स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलेला. लेक आत आली तेव्हा आई दारासमोर उभी राहून रेघा बघत होती.

"सरळ आहेत?" लेकीनं विचारलं.

"आज आहेत."

"आणि उद्या?"

"उद्या उद्याचं बघू. आज रुग्णालयाच्या धुलाईवाल्यांकडे जायचंय. येतेस तर चल."

लेक निघाली. बसमध्ये चढताना मावशीची पायरी चुकली, पण तिनं दांडी पकडली आणि सावरली. लेकीनं ते पाहिलं. उतरल्यावर ती आईच्या उजव्या बाजूनं चालायला लागली, जिकडून आईला दिसत नव्हतं.

"चाल हवं तर तिकडून," मावशी म्हणाली, "पण हात धरायचा नाही."

"धरला का मी?"

"धरशील म्हणून सांगितलं."

धुलाईच्या फाटकाशी एक नवा पहारेकरी होता. चादरीच्या काठ्या बघून तो दोघींच्या आडवा आला. "परवानगी आहे का?"

लेक आपल्या मऊ आवाजात सुरू झाली, "दादा, आम्ही कुणाला तरी विचारून..."

"परवानगी आत यायला लागते," मावशी म्हणाली. "आम्ही बाहेरच आहोत."

तिनं एक काठी लेकीच्या हातात दिली, दुसरी पहारेकऱ्याच्या, आणि ऊन कुठून येतंय ते बघायला मान वर केली.